शिवेबाहेरचे घर

खांबावर काठी दोनदा आपटायची, "आहे" म्हणायचे आणि थांबायचे. मोजणीला निघालेल्या माणसाने असे करावे असा कुठलाही नियम नाही. आमच्या साहेबांनी तो केला होता. मी कागद धरून मागे उभा असे. मी "पुढे" म्हटल्याशिवाय ते पाऊल उचलत नसत. उन्हाळ्यात हे फार लांबण लावणे वाटे. मी तसे कधी बोलून दाखवले नाही.

आखातातल्या दुखानच्या तेलक्षेत्रात कंपनीचे असे काँक्रीटचे खांब जागोजागी होते. गुडघ्याएवढी उंची, वर पितळी चकती. हद्दी, कुंपणे आणि तेलाच्या नळांचे मार्ग या खांबांवरून मोजले जात. मोजणी विभागाचे ते प्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली. ते इंग्रज, मी सातारा जिल्ह्यातला. आमचे बोलणे इंग्रजीत होई. येथे ते मराठीत देतो. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच. ते मला तू म्हणत असावेत आणि मी त्यांना तुम्ही. तसेच लिहितो.

नाव सांगत नाही. सांगितलेले त्यांना आवडले नसते. पठाण ड्रायव्हर त्यांना 'हद वाले साहब' म्हणत. तेवढे पुरे.

आखातात नोकरी केलेल्यांनी अशी माणसे पाहिली असतील. उमेदीच्या वयात दोन वर्षांसाठी येतात आणि केस पांढरे होईपर्यंत राहतात. लग्न करायचे राहून जाते. घरात दोन खुर्च्या असतात, त्यांतली एक कागद ठेवायला. इथपर्यंत ते चारचौघांसारखेच होते. वेगळे होते ते एवढेच की या माणसाच्या डोक्यात एक गाव होते आणि त्या गावाचा इतिहास ते लिहीत होते.

गाव म्हणजे इंग्लंडमधले एक लहानसे पॅरिश. एका चर्चच्या कक्षेत येणारी घरे, शेते, कुरणे, ओढा आणि दफनभूमी, एवढ्याला तिकडे पॅरिश म्हणतात. आपल्याकडे सरकारी कागदावर 'मौजे' म्हणतात, तसे. मी मौजे म्हटलेले त्यांना आवडले. त्या मौज्यात एक चर्च, एक बंद पडलेली पाणचक्की, दोन गुत्त्यांपैकी उरलेला एक, आणि माणसांपेक्षा जास्त मेंढ्या होत्या. एवढ्याशा गावाला इतिहास कसला, असे मी सुरुवातीला विचारले होते. ते म्हणाले, "मोठ्या गावांचा इतिहास कोणीतरी लिहितोच."

शुक्रवारी सकाळी ते आमच्याकडे चहाला येत आणि लिहून झालेला भाग वाचून दाखवत. ऐकणारे दोघेच. मी, आणि स्वयंपाकघराच्या दारात माझी पत्नी. त्या गावात कोणी मोठे झाले नव्हते. एका धर्मगुरूने चर्चच्या माळ्यावर मधमाश्या पाळल्या होत्या आणि एका लग्नात त्या खाली उतरल्या. एक घंटा तडकली, तेव्हा तिच्या जागी नवी घंटा ओतून आणायला गावाला एक पिढी लागली. तोवर लग्न आणि मरण यांची खबर एक म्हातारी दारोदार जाऊन देत असे. चर्चमधल्या पुढच्या बाकावर कोणी बसायचे यावरून दोन शेतकरी घराणी तीन पिढ्या भांडली. हे ऐकून मी त्यांना सांगितले की आमच्याकडे जत्रेत पहिला विडा कोणाला द्यायचा यावरून अगदी असेच भांडण होते. ते खूश झाले. "कोण जिंकलं?" त्यांनी विचारले. मी सांगितले की कोणी जिंकले नाही, गाव उठले. ते कसे, हे त्यांनी त्या दिवशी विचारले नाही.

ते गेल्यावर पत्नी म्हणाली, "अहो, या माणसाला गाव आहे की नुसता नकाशा?"

प्रश्न बरोबर होता.

कामात ते कठोर होते. नाशिकचा एक तरुण इंजिनियर थोड्या मुदतीच्या करारावर आमच्याकडे आला होता. मुलगा हुशार. त्याने एका नळमार्गाची मोजणी कचेरीत बसून, उपग्रहाच्या चित्रांवरून पुरी केली. खांब चित्रात स्वच्छ दिसत होता.

"तिथे उभा राहिला होतास?" त्यांनी विचारले.

"सर, गरजच नाही. इथे दिसतोय."

"दिसतोय. पण आहे का?"

आम्ही तिघे गेलो. खांब होता. एका ट्रकने त्याला धडक दिली होती आणि ट्रकवाल्याने भलेपणाने तो उचलून थोड्या अंतरावर नीट उभा केला होता. भोवती दगडही रचले होते. त्यांनी काठी आपटली नाही. खांबाच्या मूळ जागी जाऊन, रिकाम्या वाळूवर दोनदा काठी मारली आणि म्हणाले, "आहे." तो मुलगा मला हळूच म्हणाला, "सर, यांना उन्हाचा त्रास होतोय का?" मी त्याला गप्प बसायला सांगितले आणि "पुढे" म्हटले.

हे काठीचे त्यांनी गावाकडून आणले होते. त्या मौज्यात जुनी रीत होती. मे महिन्यात एका ठरावीक दिवशी गावकरी धर्मगुरूच्या मागोमाग मौज्याच्या हद्दीवरून चालत जात. हातात सोललेल्या वाळुंजाच्या छड्या. हद्दीचा प्रत्येक दगड आला की त्यावर छड्या मारायच्या. आणि बरोबरच्या लहान मुलांना उचलून त्यांचे डोके दगडावर टेकवायचे. टेकवायचे हा माझा शब्द. ते आपटायचे म्हणत. कागद कुजतो, म्हातारी माणसे मरतात. पण ज्या पोराच्या कपाळाला टेंगूळ आले ते साठ वर्षे दगड विसरत नाही, असा त्यामागचा विचार. सातव्या वर्षी त्यांचे कपाळ पाणचक्कीमागच्या दगडावर आपटले होते. पुढल्या काही वर्षांत ती चाल बंद पडली. त्यानंतर कोणी चालले नाही.

ते मात्र चालत होते. इंग्लंडात नव्हे, दुखानमध्ये. मे महिन्यात त्याच सुमाराला ते पहाटे उठून कंपनीच्या वसाहतीला कुंपणाबाहेरून पूर्ण वळसा घालत. मशीद, दुकान, शाळा, क्लब, उंटांनी चरून संपवलेली झुडपे, आणि शेवटी पश्चिमेला समुद्रावरच्या चढावर असलेला खांब. वाळुंज तिथे कुठले मिळणार, म्हणून खजुराच्या झावळीचा सोललेला दांडा. फाटकावरचा नेपाळी रखवालदार दर वर्षी विचारत असे, साहेबांचे काही हरवले आहे का. ते सांगत, "हो. पण इथे नाही." काही वर्षांनी मी बरोबर जाऊ लागलो. त्यांनी बोलावले नव्हते आणि मी विचारले नव्हते.

दसऱ्याला ते आमच्याकडे जेवायला असत. एका वर्षी पुण्याहून कोणीतरी पिशवीतून आणलेले आपट्याचे पान पत्नीने त्यांच्या हातावर ठेवले. हे सोने आहे, असे मी सांगितले. त्यांनी पान उलटसुलट करून पाहिले. मग मला शिलंगण समजावून सांगावे लागले. आम्ही दसऱ्याला गावाची शीव ओलांडतो आणि सोने घेऊन संध्याकाळी घरी येतो.

"म्हणजे तुमच्यात शीव ओलांडायची असते," ते म्हणाले. "आमच्यात तिच्यावरून चालायचं. आणि मग परत यायचं?"

"हो."

"तू परत गेलास का?"

मी सांगितले की परत जायला शीव राहिलेली नाही. आमचे गाव धरणाच्या पाण्याखाली आहे. त्यांनी घास खाली ठेवला. देवळावर किती पाणी आहे, असे विचारले. मोजणीदाराला हेच सुचणार. उन्हाळ्यात पाणी ओसरले की कळस दिसतो, असे मी म्हणालो.

"मग हद्द लावता येईल," ते म्हणाले. पत्नीने त्यांच्या ताटात न विचारता आणखी एक पुरी वाढली.

कंपनीने त्यांची मुदत एकदा नव्हे, अनेकदा वाढवली होती. शेवटी ती संपली. नोकरी संपली की या देशातला मुक्काम संपतो. त्यांना जायचे होते आणि जायला जागाही होती. धाकटी बहीण वारली होती आणि पाणचक्कीजवळचे तिचे लहान घर त्यांच्या नावे झाले होते. त्या घराला महत्त्व होते ते एका नियमामुळे. मौज्यात राहणाऱ्या माणसाला मौज्याच्या चर्चच्या आवारात मातीचा हक्क असतो. तो कोणाकडे मागावा लागत नाही. तिथे त्यांचे आईवडील होते आणि लहानपणी गेलेला एक भाऊ होता. भावाशेजारी जागा मोकळी आहे, असे त्यांनी मला पूर्वी दोनतीनदा सांगितले होते. हा माणूस एकच गोष्ट दोनदा सांगणारा नव्हता.

इतिहासाचे एकच प्रकरण उरले होते, हद्दीचे. ते त्यांनी शेवटी ठेवले होते. आपण आवडीचा घास शेवटी ठेवतो तसे, असे मला तेव्हा वाटले.

त्या शुक्रवारी ते आले ते कागद न घेता. चहा समोर आल्यावर त्यांनी टेबलावर मिठाची बाटली ठेवली. "हे चर्च." एक चमचा आडवा ठेवला. "हा ओढा. नकाशात हद्द ओढ्यावरून जाते." मग साखरेचा एक खडा चमच्याच्या अलीकडे, बाटलीच्या बाजूला ठेवला. "हा माझा दगड."

मला समजायला वेळ लागला नाही. पाणचक्कीच्या मालकाने कधीकाळी पाण्यासाठी दगडाजवळून वाहणारा ओढा दूर वळवला होता. पुढे नकाशा करणारे आले. हद्द कुठली, असे त्यांनी विचारले, तेव्हा लोकांनी पिढ्यान्पिढ्या सांगितले तेच सांगितले: ओढा. त्यांनी समोर दिसत होता तो ओढा नकाशात हद्द म्हणून घेतला. दगडापाशी कोणी जाऊन उभे राहिले नाही.

"आणि घर?" मी विचारले.

त्यांनी कपाची बशी उचलून चमचा आणि साखरेचा खडा यांच्या मध्ये ठेवली.

नकाशाने पाहिले तर घर मौज्याच्या आत होते. दगडाने पाहिले तर बाहेर, शेजारच्या मौज्यात.

पत्नीने दारातून विचारले की काय झाले. मी मराठीत सांगितले. ती म्हणाली, "मग नका म्हणावं लिहू ते. कोणाला कळणार आहे?" मी ते इंग्रजीत सांगितले.

"खरं आहे," ते म्हणाले. "तो दगड माहीत असलेले बाकी सगळे चर्चच्या आवारातच आहेत. ते काही बोलणार नाहीत."

मी म्हणालो की कायदा नकाशा मानतो. नकाशाप्रमाणे घर आत आहे, तेव्हा हक्क आहे. यात खोटे काहीच नाही.

"कायदा नकाशावर चालू दे," ते म्हणाले. "कपाळ माझं आपटलं होतं."

मग त्यांनी मिठाची बाटली जागेवर ठेवली, चमचा पुसून ठेवला आणि साखरेचा खडा आपल्या थंड चहात टाकून चहा पिऊन टाकला. ते बिनसाखरेचा चहा घेत.

प्रकरण त्यांनी लिहिले. दगड जिथे होता तिथे लिहिला आणि आपले घर जिथे पडत होते तिथे लिहिले. तिथल्या चर्चच्या धर्मगुरू एक बाई होत्या. त्यांना ते पाठवले. बाईंचे उत्तर लगेच आले. ते त्यांनी मला वाचून दाखवले. बाईंनी फार आपुलकीने लिहिले होते. दगड कुठेही असला तरी तुम्ही आमचेच आहात, जागेची काळजी करू नका, मी आनंदाने परवानगी देईन, असे.

"चांगल्या आहेत बाई," मी म्हणालो.

"चांगल्याच आहेत. पण परवानगी मी मागितली नव्हती."

हक्क आणि परवानगी यांत फरक आहे. ज्याचे गाव पाण्याखाली गेले आणि ज्याला नव्या वसाहतीत दुसऱ्यांच्या शिवारात जागा मिळाली, त्याला हा फरक कोणी शिकवावा लागत नाही. मला त्यांचे म्हणणे समजले. पटले की नाही, ते सांगत नाही.

जाण्याआधी मे महिना लागला. आम्ही दोघे शेवटचे चाललो. हवेत दमट धूळ होती आणि लांबवर गॅसची ज्योत जळत होती. रखवालदाराने नेहमीचा प्रश्न विचारला. या वेळी त्यांनी फक्त त्याच्याशी हात मिळवला. पश्चिमेच्या खांबाशी पोहोचलो तेव्हा ऊन चढले होते. त्यांनी काठी दोनदा मारली आणि "आहे" म्हणाले. मी "पुढे" म्हणणार इतक्यात ते म्हणाले, "वाक."

मी साठीच्या घरात आलेला माणूस. मी विचारले, कशासाठी.

"हा खांब माहीत असलेला इथे कोणीतरी पाहिजे. कंपनी तो ठेवेल असं मला वाटत नाही. वाक."

मी वाकलो. त्यांनी माझ्या मानेमागे हात ठेवला आणि माझे कपाळ त्या पितळी चकतीवर टेकवले. चकती तापलेली होती. आपटले असे मी म्हणणार नाही, पण लागले. वडिलांनंतर माझ्या डोक्याला कोणी हात लावला नव्हता.

"विसरणार नाहीस," ते म्हणाले. हा प्रश्न नव्हता.

घरी आल्यावर पत्नीने माझे कपाळ पाहिले. "अहो, हा कसला टिळा?" ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसत बसली. नंतर तिने त्यावर हळद लावली.

ते गेले. बहिणीच्या घरात राहिले. अधूनमधून मेल येई, त्यात मुख्यतः पाऊस असे. माझी पत्नी गेली तेव्हा त्यांनी एक ओळ पाठवली: "मला न विचारता पुरी वाढणाऱ्या त्या एकट्याच होत्या." मी निवृत्त झालो आणि त्याच देशातल्या लुसैल शहरात मुलाकडे राहायला आलो. घर उंचावर आहे. खिडकीतून ट्राम दिसते. नातवंडांना माझे मराठी कळते. उत्तर इंग्रजीत येते. तक्रार नाही.

गेल्या हिवाळ्यात त्या धर्मगुरू बाईंचा मेल आला. माझा पत्ता त्यांनी बाईंपाशी देऊन ठेवला होता. ते झोपेत वारले होते. जागेबद्दल त्यांनी शेवटपर्यंत बाईंना विचारले नाही. शेजारच्या मौज्यातल्या चर्चकडे त्यांनी स्वतः जाऊन सांगून ठेवले होते, कारण तिथे त्यांचा हक्क होता, आणि त्यांना तिथेच पुरले. ते आवार चढावर आहे, तिथून आमच्या चर्चचा मनोरा दिसतो, असे बाईंनी लिहिले होते. त्यांच्या भावाशेजारची जागा मोकळीच आहे.

पुढे लिहिले होते की मागच्या मे महिन्यात गावाने, इतक्या वर्षांनी, हद्दीवरून फेरी काढली. हातात त्यांचे प्रकरण होते. पाणचक्कीमागे काटेरी झुडपांत, लिहिले होते अगदी तिथे, दगड निघाला. ते स्वतः फेरीत होते. दगडाला छड्या मारल्या गेल्या तेव्हा ते काही अंतरावर, हद्दीच्या पलीकडच्या बाजूला उभे होते. बाईंनी बोलावले, तरी अलीकडे आले नाहीत.

मेलच्या शेवटी बाईंनी विचारले होते की ते पुस्तक आता छापायचे आहे, पण मधली इतकी वर्षे ते कुठे होते आणि कसे होते, हे गावात कोणालाच नीट माहीत नाही. मी काही लिहू शकेन का. मी लिहिले: "ते दुखानला होते. तिथेही त्यांनी शीव सांभाळली." याहून अधिक इंग्रजी मला त्या दिवशी सुचले नाही.

मग मी मुलाला म्हणालो की मला दुखानला ने. त्याने सुट्टीच्या दिवशी नेले. वाटेत का म्हणून विचारले नाही. तो चांगला मुलगा आहे. वसाहतीला वळसा घालून गाडी पश्चिमेच्या चढापर्यंत गेली. पुढे चालावे लागते, म्हणून मी काठी घेऊन उतरलो.

खांब नव्हता. चढाचा माथा सपाट केला होता आणि बाजूला कसलेसे नवे कुंपण घातले होते. मुलगा गाडीची काच खाली करून म्हणाला, "बाबा, इथे काहीच नाही. ऊन आहे, चला."

मी समुद्राकडे तोंड केले, मशिदीचा मिनार डाव्या खांद्यावर घेतला आणि उंटांच्या वाटेने मोजून नाही, आठवून चाललो. एका जागी थांबलो. कपाळाला जागा माहीत होती. हातातली काठी जमिनीवर दोनदा मारली.

"आहे," मी म्हणालो.

मुलाने काच वर करून एसी लावला होता. वारा समुद्रावरून येत होता. "पुढे" म्हणायला कोणी नव्हते, म्हणून मी तिथेच उभा राहिलो.